नवापूरची लिंबाची कढई

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची कढई आहे. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी स्वतःचे गोडवे गातात आणि शेवटी आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून रडतात. माझे दुखणे उलटे आहे. माझे जन्मभर इतके कौतुक झाले की मला त्याचा वीट आला आहे.

एकोणीसशे आठ साली एका तांबटाने मला ठोकून घडवले, आतून कथलाची पांढरीशुभ्र कल्हई लावली आणि मी नवापूरच्या एका शरबतवाल्याच्या घरी आले. पुढे ते दुकान त्याच्या मुलाकडे, फकीर मोहम्मदकडे आले. माझे काम मात्र पहिल्या दिवसापासून एकच. लिंबांचा रस माझ्यात ओतायचा, खाली जाळ करायचा, रस काळपट दाट झाला की बाटल्यांत भरायचा आणि पुढचे वर्षभर पुरवायचा.

तेव्हा लिंबांना तोटा नव्हता. ज्याच्या मळ्यात विहीर, त्याच्या पाटाच्या कडेला लिंबाचे झाड असायचेच. गाड्या भरून लिंबे येत आणि मी काठोकाठ भरे. मग पहिल्या महायुद्धाच्या वेळी कापसाला भाव आला आणि लोकांनी झाडे तोडून जागा कापसाला दिली. राहिलेल्या झाडांना डिंक्या रोगाने गाठले. त्यातून जी वाचली, त्यांची लिंबे टोपल्या भरभरून आगगाडीने सुरतेला जाऊ लागली. मी अर्धी भरू लागले, मग तळाशीच.

तुम्हाला वाटेल, लिंबे कमी म्हणजे माझे काम कमी. कसले काय. लिंबे कमी म्हणून रस जास्त टिकायला हवा आणि टिकायला हवा म्हणून आणखी दोन तास जाळ. लिंबू कापताना जो ताजा वास घरभर पसरतो, तो माझ्यातून सगळ्यात आधी उडून जाई. त्याच्याबरोबर आणखीही काही जाते, हे मला कळत होते. मागे उरे तो नुसता आंबटपणा. लोक बोट बुडवून चाखत, डोळे मिचकावत आणि म्हणत, काय कडक रस आहे. आंबट लागले म्हणजे गुण आला, एवढी साधी त्यांची समजूत.

एकदा चुनीलाल मास्तरांनी दुकानात बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचले. लिंबात एक जीवनसत्त्व असते, ते न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येते, असे विद्वानांनी शोधून काढले होते. फकीर मोहम्मदची छाती फुगली. पुढची ओळ होती, उष्णतेने हे सत्त्व नष्ट होते. मास्तरांनी तीही वाचली. फकीर मोहम्मद म्हणाला की ते विलायती लिंबाचे असेल, आपले लिंबू तेवढे लेचेपेचे नाही. मास्तरांनी मान डोलावली आणि दुसरे पान उलटले. मला तोंड एवढे मोठे, पण वाचा नाही. मी चरफडत बसले.

त्याचे मोल एका पोरीला मोजावे लागले. नवापूरच्या डोंगरातला पौलस दुकानात कोळसा आणून देई. दुसऱ्या लढाईत पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालू लागल्या आणि पौलसचे सगळे घर रानातल्या भट्ट्यांवर कामाला गेले. मजुरी म्हणून ज्वारी आणि मीठ मिळे. त्या साली रानात आवळाही धरला नव्हता आणि भाजीपाला तर डोळ्यांना दिसतच नव्हता. त्रेचाळीसच्या चैत्रात पौलस आपल्या मुलीला, हन्नाला, पाठीवर घेऊन आला. सोळा वर्षांची पोर. हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या, दात हलणारे, पायांवर काळेनिळे डाग.

फकीर मोहम्मदची बायको मेहरुन्निसा फार मायाळू बाई. तिने हन्नाला पाहिले आणि मास्तरांची ओळ तिला आठवली. पहिलीच, दुसरी नाही. तिने चांगल्यातला चांगला, दोनदा आटवलेला रस दिला आणि सकाळ-संध्याकाळ चमचाभर घ्यायला सांगितले. दर आठवड्याला पौलस नवी बाटली नेई. दर आठवड्याला सांगे की पोर आणखी खंगली. मेहरुन्निसा रडे आणि रस आणखी आटवे. ती जितक्या प्रेमाने जाळ घाली, तितके ते औषध निकामी होत होते आणि ते माझ्याच पोटात होत होते. मला स्वतःचीच चीड येई.

ज्येष्ठात माझी कल्हई उडाली. आतले लाल तांबे उघडे पडले. त्यात आंबट शिजवले तर ते कळकते आणि माणसाला बाधते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. कल्हईवाल्याने हात वर केले. कथील सगळे लढाईत गेले होते. पौलस दारात उभा आणि मेहरुन्निसाच्या हातात लिंबांची टोपली.

ती म्हणाली, "कल्हई नई शे. आते मी हाई कसामा आटाडू? कच्चीच ली जा, पौलसभाऊ. काहीच नई त्यानापेक्षा बरं."

पंधरा दिवसांनी हन्ना आपल्या पायांनी चालत आली.

मित्रांनो, आता तरी उजेड पडेल असे मला वाटले. पण फकीर मोहम्मद सगळ्या बाजारात सांगत सुटला की आधीच्या बाटल्यांचा गुण जरा उशिरा आला. लढाई संपली, कथील मिळू लागले, तशी त्याने मला मोठ्या मानाने कल्हई करून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मला दाखवी. मी लख्ख चमकत होते आणि मला फुटून जावेसे वाटत होते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मोठ्या मुश्किलीने दोन टोपल्या लिंबे मिळाली. माझ्याखाली जाळ पेटला, तेवढ्यात हन्ना आली. भट्टीवरच्या तीन बायांचे दात हलू लागले होते. फकीर मोहम्मदने कौतुकाने बाटली पुढे केली. हन्नाने ती घेतली नाही. ती मेहरुन्निसाकडे वळून म्हणाली,

"बाटली नको, खाला. लिंबू दे. बाटलीना रस पिसन बी मन्हा दात हालतच ऱ्हायनात. लिंबं चोखात, अन् आठ दिनमा मी भाकर चावाले लागनू."

फकीर मोहम्मद हसला. तुला काय कळते, म्हणाला. मेहरुन्निसा मात्र हसली नाही. ती उठून माझ्याजवळ आली. मग तिने चुलीतली लाकडे मागे ओढली, त्यांवर पाणी मारले आणि दोन्ही टोपल्या हन्नापुढे सरकवल्या. नवरा ओरडत राहिला. तिने एवढेच म्हटले, "पोरना तोंडले ठाऊक शे."

तेव्हापासून फकीर मोहम्मद बायकोशी धड बोलत नाही आणि माझ्यासाठी कुठून तरी लिंबे मिळवायच्या खटपटीत असतो. म्हणून तुम्हाला सांगते. लिंबू कापाल तेव्हाच पिळा आणि पिळाल तेव्हाच प्या. आणि माझी काळजी मुळीच घेऊ नका. मला घासू नका, मला पुन्हा कल्हई करू नका. कोणी विचारलेच तर सांगा, खुद्द कढईच नको म्हणते आहे.