हा हात कोणाचा?

गुणवंतराव दोनाडकरांनी ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घ्यायच्या आधीच हुकूम सोडला, "दिव्यानीचं ते गादीवर लोळणं उद्यापासून बंद."

त्यांची बायको मनकर्णा भातावर वरण वाढत होती. तिचा हात थांबला. "काऊन? काय झालं?"

"मले इचारतेस? राइस मिलीत सारे हासून राह्यले माझ्यावर. म्हणते, गुणवंतराव, पोरीले पैलवान करून राह्यले का? उद्या सोयरीक कोण करन तिच्याशी? तू जा आन घेऊन ये तिले. मी गेलो तं भांडण होईन."

अकरावीतली दिव्यानी आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून सारं ऐकत होती. मनकर्णानं राहिलेलं वरण मुकाट वाढलं. न बोलणं हा तिचा स्वभावच झाला होता.

ही गोष्ट दोन हजार आठच्या हिवाळ्यातली, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची. स्टेशनच्या मागे जाफर पिंजाऱ्याचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. तरुणपणी जाफर शिवणकाम करायला अबुधाबीला गेला होता. तिथल्या एका क्लबात कुस्तीच्या गाद्यांना खोळी चढवणं आणि खेळाडूंचे फाटलेले जाड सदरे शिवणं हे त्याचं काम. ती कुस्ती ब्राझीलहून आलेली, जिउ-जित्सू नावाची. बरीचशी जमिनीवर पडूनच खेळायची. सुई हातात धरून हा माणूस रोज टक लावून बघतो, हे पाहून तिथल्या उस्तादानं एक दिवस त्यालाच गादीवर ओढलं. सहा वर्षं जाफर दिवसा शिवत राहिला, संध्याकाळी शिकत राहिला. गावी परतल्यावर त्यानं आधी आपल्या बायकोला, जमीलाला शिकवलं. मग मोहल्ल्यातल्या मुली येऊ लागल्या, मग दिव्यानीसारख्या कॉलेजातल्या. वडशाच्या लोकांना ते परदेशी नाव कोण लक्षात ठेवणार! त्यांनी नाव पाडलं, 'गादीवरची कुस्ती'.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मुलीला आणायला जायचं, असं मनकर्णानं ठरवलं. पण त्या दिवशी कचेरीत तेच घडलं, जे दीड वर्षापासून घडत होतं.

एका सरकारी कचेरीत ती आवक-जावकची कंत्राटी कारकून होती. नऊ वर्षांची नोकरी, पण दर अकरा महिन्यांनी नवा आदेश निघायचा आणि त्यावर साहेबांची सही लागायची. हे साहेब आल्यापासून रोज एकदा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहत. "बघू, काय आलंय आज," म्हणत वाकत. उजवा हात तिच्या खांद्यावर येई आणि तिथे थांबत नसे. मनकर्णा श्वास कोंडून बसे. रजिस्टर बघून झालं की हात उचलला जाई. शिपाईण रुखमाबाई त्या वेळी मान फिरवून खिडकी पुसायला घेई. एकदाच ती म्हणाली होती, "दिवस काढायचे, बाई. मीही काढलेच ना."

मनकर्णानं नवऱ्याला सांगितलं नव्हतं असं नाही. गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी बायकोवर कधी हात उचलला नव्हता. पण तेव्हा ते म्हणाले होते, "साहेब माणूस हाय. तू जरा सरकून बसत जा. चार लोकांत बोललीस तं नाव आपलंच खराब होते." तिनं खुर्ची सरकवली. पुन्हा सरकवली. शेवटी खुर्ची भिंतीला टेकली, तरी साहेब मधल्या फटीत शिरून येतच होते.

वाचकहो, 'सरकून बस' हा सल्ला आपल्यापैकी किती जणांनी घरात दिला असेल! आणि ज्याचा हात वळवळतो, त्याला 'हात आवर' म्हणायला आपल्यातला कोण गेला?

संध्याकाळी ती जाफरच्या दुकानात पोचली. कापसाची तूस हवेत उडत होती. मागच्या खोलीत कापसाचा चुरा दाबून भरलेल्या, वरून ताडपत्री ताणलेल्या मोठ्या गाद्या अंथरल्या होत्या. दिव्यानी पाठीवर पडलेली आणि तिच्याहून दीडपट वजनाची एक मुलगी तिच्या पोटावर बसलेली! मनकर्णा ओरडणार, तोच दिव्यानीनं कोपरं अंगाशी घेतली, कुशीवर वळली, कंबर सरकवली आणि मासोळी हातातून निसटावी तशी बाहेर निघाली. दोघी खदखदून हसल्या.

जाफर पिंजण्याच्या यंत्राजवळून उठला. "या बाई, बसा."

"बसत नाई, जाफरभाऊ. दिव्यानीले न्यायले आली. तिचे बाबा नाई म्हणते. लोक बोलून राह्यले."

"न्या. पोरगी तुमची हाय. पण लोक काय बोलते, ते तं सांगा."

"म्हणते, पोरीच्या जातीनं असं खाली पडावं हे बरं दिसत नाई."

जाफरनं अंगावरचा कापूस झटकला. "बाई, पोरीले खाली पाडणारे दुनियेत कमी हायेत का? ते काई तिले इचारून पाडत नाई. मंग पडल्यावर उठायचं कसं, हे तिले कोणीच सांगू नये का? पडलेली दिसली तं आपल्याले लाज वाटते. पाडणारा दिसला तं आपण त्याले नमस्कार करतो! हा कुठला न्याय?"

मनकर्णा दिव्यानीकडे वळली. तेवढ्यात गादीच्या कडेला उभी असलेली जमीला म्हणाली, "बाई, पदर खोचा आन एकदा या गादीवर. पोरीले न्यायचंच हाय, तं काय सोडून नेऊन राह्यले, तेवढं पाहून जा."

"ये ना व आई!" दिव्यानी म्हणाली.

जाफर न सांगता बाहेर गेला आणि त्यानं मधला पडदा ओढून घेतला. मनकर्णा गादीवर पाठ टेकून पडली. बेचाळीस वर्षांची बाई, लाजेनं अर्धी झालेली. जमीला तिच्या पोटावर बसली, तिची दोन्ही मनगटं धरली आणि म्हणाली, "आता निघा."

मनकर्णा निघाली नाही. तिनं श्वास कोंडला, डोळे मिटले आणि निपचित पडून राहिली. दीड वर्ष खुर्चीवर बसत होती, अगदी तशीच!

"बाई, श्वास घ्या!" जमीला घाबरून म्हणाली.

पडद्याआडून जाफरचा आवाज आला, "श्वास कोंडला ना? पहिल्या दिवशी सारे तेच करते. वाटते, गप पडलो तं वरचा आपोआप उठून जाईन. वजन असं जात नाई, बाई. तुमी गप राह्यले तं ते अजून दाबून बसते. कोपर अंगाशी घ्या. एक बोट जागा करा. मंग त्या जागेत कंबर सरकवा."

मनकर्णाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जमीला ताबडतोब बाजूला झाली. "लागलं का?"

"नाई." मनकर्णानं पदरानं तोंड पुसलं. मग इतकी वर्षं न ऐकू आलेल्या आवाजात ती म्हणाली, "पुन्हा बस."

दुसऱ्यांदाही जमलं नाही. तिसऱ्यांदा ती धापा टाकत, केस विस्कटून, पण बाहेर निघाली! दिव्यानीनं टाळ्या पिटल्या.

मुली गेल्यावर मनकर्णानं जमीलाला कचेरीतलं सगळं सांगितलं. जमीला 'अरेरे' म्हणाली नाही. तिनं विचारलं, "कोणता हात?"

"उजवा."

"येते कुठून?"

"मागून. खांद्यावरून."

जमीलानं तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. तिच्याच खांद्यावर हात ठेवून शिकवलं, दोन्ही हातांनी एक मनगट कसं धरायचं, कोपरं बरगड्यांशी कशी घट्ट ठेवायची, समोरच्यानं ओढलं तर आपणही त्याच्याबरोबर कसं जायचं. "मोडायचा नाई. मारायचा नाई. फक्त सोडायचा नाई."

पडद्याआडून जाफर म्हणाला, "मारलं तं गुन्हा तुमचा होईन, बाई. धरून ठेवला तं गुन्हा त्याचा दिसन."

त्या दिवशी घरी जाऊन मनकर्णानं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "दिव्यानी जाईन. आन मीही जाईन." गुणवंतराव चार दिवस बोलले नाहीत. ती वेळेवर जेवण वाढत होती आणि वेळेवर निघून जात होती.

पाच आठवडे ती गेली. कोपरं सोलली, मान आखडली, पिंढऱ्यांना गोळे आले. पण एका गोष्टीचं तिला रोज नवल वाटायचं. तिथे एक नियम होता, सहन होईनासं झालं की हातानं दोनदा थापटायचं आणि समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. कशाला, काऊन, असं विचारायचं नाही. आपण 'पुरे' म्हटलं आणि समोरचं माणूस खरंच थांबलं, असं तिच्या आयुष्यात आधी फारसं घडलंच नव्हतं.

सहाव्या आठवड्यातला तो बाजाराचा दिवस होता. कचेरीच्या व्हरांड्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांची गर्दी होती. साहेब आले, खुर्चीमागे उभे राहिले, वाकले. हात खांद्यावर आला आणि खाली सरकला.

मनकर्णानं दोन्ही हातांनी ते मनगट पकडलं.

"मनकर्णाबाई, काय हे? सोडा."

या वेळी तिचा श्वास चालू होता. ती खुर्चीवरून उठली आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा हात कोणाचा हाय?"

टाइपरायटर थांबला. साहेबांनी हिसका दिला. ती त्यांच्यासोबत एक पाऊल पुढे गेली, पण पकड सुटली नाही.

"अहो, लोक पाहताहेत!" साहेब दातओठ खात पुटपुटले.

"पाहू द्या! दीड वर्ष कोणी पाहत नव्हतं. मी इचारून राह्यली, हा हात कोणाचा हाय? माझ्या अंगावर सापडला मले! ज्याचा असन त्यानं सांगा!"

व्हरांड्यातली माणसं दाराशी, खिडकीशी गोळा झाली. मग खिडकीचा गज धरून उभा असलेला इतवारी नावाचा म्हातारा शेतकरी शांतपणे म्हणाला, "साहेबाचाच हाय तो, बाई. आमी पाह्यला ना."

"सापडला मालक," मनकर्णा म्हणाली आणि तिनं मनगट सोडून दिलं.

साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "तुमचा आदेश पुढच्या महिन्यात संपतो, लक्षात आहे ना?"

"हाय लक्षात. संपू द्या!"

ती खाली बसली, कोरा कागद घेतला आणि तक्रार लिहिली. बायकांच्या तक्रारींसाठी चौकशी समिती नेमावी, असं न्यायालयानं सांगितलेलं आहे, हेही लिहिलं. मग आपल्याच रजिस्टरात तिची नोंद केली, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला. रुखमाबाई खिडकीजवळून हळूहळू टेबलाशी आली. हातातलं फडकं तिनं खाली ठेवलं. "बाई, माझंही नाव लिवा."

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. गुणवंतराव ओट्यावर बसले होते. "काऊन केलंस असं? नोकरी गेली तं?"

"गेली तं दुसरी पाहीन. तुमी म्हटलं, सरकून बस. सरकत सरकत भिंत आली, अजी. भिंतीच्या पुढं कुठी सरकू?"

गुणवंतरावांनी मान खाली घातली. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

पुढे गडचिरोलीहून समिती आली. रुखमाबाईनं, इतवारीनं जबान्या दिल्या. त्यात चार महिने गेले. मनकर्णाचा आदेश दोन महिने अडवून ठेवला गेला. तेवढे दिवस तिनं घरी बसून जाफरच्या रजयांना टाके घातले. शेवटी साहेबांची वेतनवाढ थांबली, बदली झाली आणि तिचा आदेश नव्या साहेबांच्या सहीनं निघाला. शिक्षा कमीच झाली, असं ती आजही म्हणते.

पण माझ्या मते या गोष्टीतला खरा निकाल लागला तो कचेरीतल्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी, राइस मिलीसमोरच्या चहाच्या टपरीवर. तिथला लच्छू हमाल हसत म्हणाला, "ऐकलं का गा? गुणवंतरावाच्या बायकोनं भर कचेरीत साहेबाचा हात धरला म्हणते!" सगळे फिदीफिदी हसले. गुणवंतराव मागेच उभे होते. एरवी असं काही ऐकलं की ते वाट बदलत. आज त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"लच्छू, अर्धी गोष्ट सांगून राह्यला तू. आधी साहेबानं हात घातला. मंग तिनं धरला. पहिलेपासून सांग."

हसणारे मागे वळले.

"आन एक राह्यलं," गुणवंतराव पुढे म्हणाले. "तिच्या नवऱ्याले हे दीड वर्ष माहीत होतं. तो भीत होता, म्हणून गप होता. हेही सांग. सगळ्याईले सांग!"

बंधू-भगिनींनो, बाईवरच्या अन्यायाची गोष्ट आपण नेहमी तिच्यापासून सुरू करतो. ती कुठे गेली होती, ती काय बोलली, तिनं काय केलं! यापुढे अशी गोष्ट कानावर आली, तर ज्यानं अन्याय केला त्याच्या नावापासून सुरुवात करा. आणि आपण स्वतः तेव्हा गप्प बसलो असू, तर आपलंही नाव त्यातून गाळू नका.