मार्गदर्शकांचं वेळापत्रक

आमच्या विभागात पीएच.डी.चा प्रवेश एका कागदावर अडतो. त्याला संमतिपत्र म्हणतात. दोन ओळी छापील, खाली मार्गदर्शकाची सही. कोरा कागद माझ्या टेबलाच्या खणात असतो, मागेल त्याला मिळतो. सही दोन मजले वर असते, ती मात्र मागून मिळत नाही. बावीस वर्षं मी या ऑफिसात बसून ही सही मिळवण्याचे प्रकार बघतोय. एकानं तर एका सरांच्या घरचा सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवून दिला होता. सोफा चढला, सही काही उतरली नाही.

त्या सोमवारी बस डेपोतली टाइमकीपर बाई आली. वय एक्केचाळीस, खांद्याला पिशवी, मनगटावर पुरुषी घड्याळ.

"काका, संमतिपत्र इथेच मिळतं ना?"

"कागद मिळतो. कधीपर्यंत हवाय?"

"शुक्रवारी पाचपर्यंत. नंतर माझी प्रवेश परीक्षा बाद होते. दोन वर्षांचीच मुदत होती."

"मग दोन वर्षं काय केलंत?"

"पहिलं वर्ष सासूबाईंचं खुब्याचं हाड सांधण्यात गेलं. दुसरं मुलीच्या परीक्षेत. आता मुलगी म्हणते, आई, तूही लागून जा कुठेतरी, म्हणजे माझ्या मागे लागणार नाहीस."

सोळा वर्षं ही बाई डेपोच्या केबिनमध्ये बसून कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली हे लिहीत होती. नोकरी करता करता एम.ए. झाली. विषयही तिथलाच घेतला होता: स्टॉपवर माणूस किती वेळ वाट बघतो आणि नेमका कधी कंटाळून चालायला लागतो. परीक्षा पुन्हा देणार का, असं मी सहज विचारलं.

"नाही हो काका. एकदा अभ्यास केला तेव्हा घरात आठवडाभर भाजीत मीठ नव्हतं. पुन्हा परीक्षा म्हटलं तर घरचे दारात उभंच करणार नाहीत."

समाजशास्त्राच्या तीन मार्गदर्शकांकडे एकेक जागा शिल्लक होती. पोरांनी ठेवलेल्या नावांनीच सांगतो, कारण ती जास्त बरोबर आहेत. पहिले परिषदसर. ते इथे असले तरी कुठल्यातरी परिषदेहून आलेले असतात किंवा निघालेले. दुसरे बघूसर. त्यांना काहीही विचारा, उत्तर 'बघू'. तिसऱ्या कात्रीबाई. त्यांच्याकडे चाळीस पानं दिली की बारा परत येतात. गेल्या पाच वर्षांत त्यांच्या दारातून सतरा जण हसत आत गेले आणि तीनच तसे बाहेर आले. मी मोजलेत.

बाईनं तिघांना आधी ईमेल पाठवले होते. उत्तर एकाचंही नव्हतं. तिघांच्या दारांवर पाटी होती, 'भेटण्याची वेळ ३ ते ४'. ती पाटी मी नोकरीला लागायच्या आधीची आहे आणि तिच्यावर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही. या बाईनं ठेवला.

सोमवारी तीन वाजता परिषदसर नव्हते, बघूसर नव्हते. कात्रीबाई होत्या. त्यांनी तिचा दहा पानी आराखडा तिथल्या तिथे चाळला आणि चार मिनिटांत परत दिला. म्हणाल्या, "दहा पानांत मोठे शब्द भरपूर आहेत. वाट बघणारा माणूस एकदाही भेटला नाही. तो सापडला तर या."

बाई बाहेर आली आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली. तिथून तिन्ही दारं दिसतात. तिनं घड्याळ काढून बाकावर ठेवलं, पिशवीतून आखीव वही काढली आणि लिहायला लागली. दुसऱ्या कुणी अशा वेळी डोळे पुसले असते, हिनं रकाने आखले.

मंगळवारी बघूसर माझ्या टेबलाशी आले. बावीस वर्षांत ते माझ्याकडे तीनदा आलेत, त्यात दोनदा स्टेपलरसाठी.

"अहो, ती बाकावरची बाई कोण?"

"बसलीय कालपासून."

"काहीतरी लिहिते सारखी."

"वेळ लिहिते, सर. कोण कधी आलं, कधी गेलं."

सरांचा हात माझ्या स्टेपलरवरच थांबला. "कुणी... वरून पाठवलंय का?"

"वरचे लोक मला कशाला सांगतील, सर?"

यातला एक शब्द खोटा असेल तर दाखवा. पण विद्यापीठ हजेरीची तपासणी करणार अशी कुजबुज गेल्या वर्षापासून होतीच. बुधवारी तीनला पाच कमी असताना बघूसर आपल्या खुर्चीत होते. परिषदसरांनी तर एक परिषद रद्द केली. बंद पडलेला पाण्याचा कूलर दुरुस्त झाला. बाई खाली येऊन मला म्हणाली, "काका, इथले लोक किती चांगले आहेत! एका सरांनी मला उशी आणून दिली."

"बसा मग आरामात," मी म्हटलं. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

त्याच दुपारी ती परिषदसरांच्या खोलीत गेली. ती तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "सोमवारी मी ग्रंथालयात होतो, बरं का."

"हो का? लिहून ठेवते," बाई म्हणाली आणि खरंच लिहिलं. तिनं कागद पुढे केला तेव्हा सर, "ऑफिसात द्या, ऑफिसात द्या," म्हणत जिन्यापर्यंत पोचले होते.

गुरुवारी ती बघूसरांकडे गेली. कागद ठेवला. सरांनी विषय विचारला नाही, आराखडा मागितला नाही. पेन काढून विचारलं, "सही कुठे करू?" आणि केली. ज्या सहीसाठी लोक दोन-दोन वर्षं 'बघू' ऐकतात ती दोन मिनिटांत झाली. दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "वर काही कळवू नका म्हणजे झालं."

बाई सहीचा कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "काका, वर म्हणजे कुठे?"

मला हसू आवरेना. सगळं सांगून टाकलं आणि शेवटी म्हणालो, "आता चूप बसा. कागद इकडे द्या, शिक्का मारतो, सुटलात."

तिनं कागद दिला नाही. "म्हणजे ही सही मला नाहीच केली त्यांनी. तपासणीवालीला केली."

"सही सही असते हो!"

"काका, माझे मिस्टर ड्रायव्हर आहेत, माझ्याच डेपोत. त्यांची गाडी नऊ मिनिटं उशिरा आली तेव्हा मी नऊच लिहिली. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मिस्टरांना सोडलं नाही, आता स्वतःला सोडू?"

आणि ती जिना चढून परत वर गेली. असा वेडेपणा मी या इमारतीत पहिल्यांदाच बघितला. पाच मिनिटांनी खाली आली तेव्हा सहीवर दोन आडव्या रेघा होत्या.

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

शुक्रवारी तीन वाजता परिषदसर पुन्हा परिषदेत होते. बघूसरांच्या दाराला कुलूप होतं. तपासणी नाही हे कळायला जेवढा वेळ लागला, तेवढाच सुधारणा संपायला. बाई मात्र बाकावर होतीच. उशी परत गेली होती.

साडेचारला माझा फोन वाजला. कात्रीबाई. "त्या बाकावरच्या बाईंना घेऊन वर या. तुम्हीसुद्धा."

आम्ही दोघं त्यांच्या टेबलापुढे उभे राहिलो. आधी माझा नंबर लागला.

"तपासणीची आवई तुम्ही उठवलीत?"

"मॅडम, मी फक्त खरं बोललो."

"हो, तुमची ती जुनी खोड आहे." मग बाईकडे हात पुढे केला. "वही."

त्यांनी वही शांतपणे वाचली. एकदा हसल्या, बहुतेक परिषदसरांच्या पानावर. मग बोट ठेवलं. "बुधवारी एक दहा ते एक पस्तीस माझ्या नावापुढे काहीच नाही. मी खोलीतच होते."

"मी डबा खायला गेले होते, मॅडम. मी नव्हते, तर लिहू कसं? मी उठले त्या वेळा मागच्या पानावर आहेत, लाल पेननं."

कात्रीबाईंनी पान उलटलं. लाल वेळा होत्या आणि प्रत्येकीपुढे कारण. 'डबा.' 'सासूबाईंचा फोन.' 'पाय आखडले.' गुरुवारी ३:४० ला: 'उठून घरी निघाले. गेटपर्यंत गेले. परत आले.'

"हे काय?"

बाई जरा लाजली. "सही खोडल्यावर वाटलं, जावं. मग म्हटलं, एवढं थांबलोय तर आणखी थोडं. स्टॉपवरची माणसंही असंच करतात."

"बुधवारपासून सगळे वेळेवर कसे आले?"

"मी दिसले म्हणून. वही उघडी दिसली की गाड्याही वेळेवर येतात. ते दोन दिवस खरे नाहीत."

"मग फाडून टाकणार?"

"छे! वेगळे ठेवणार. आपल्याकडे कुणी बघतंय म्हटल्यावर लोक कसे वागतात, तेही कळलंच ना."

कात्रीबाईंनी चष्मा काढला. मी घड्याळाकडे बघत होतो, पावणेपाच झाले होते. "वाट बघणारा माणूस सापडला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "आराखड्याची दहा पानं विसरा. या वहीपासून सुरुवात करा. कागद?"

बाईनं कागद पुढे केला. त्यावरच्या दोन रेघा बघून कात्रीबाई माझ्याकडे वळल्या. खाडाखोड असलेला कागद चालत नाही, हा नियम मीच नोटीस बोर्डावर लावलाय.

त्या दिवशी मी दोन मजले धावत उतरलो आणि कोरा कागद नि शिक्का घेऊन धावत चढलो. माझ्या नोकरीतली ही पहिली धाव. सही झाली तेव्हा चार बावन्न झाले होते, शिक्का बसला तेव्हा चार अठ्ठावन्न. बाईनं दोन्ही वेळा लिहून घेतल्या, मग खुर्चीत बसून मोठ्यांदा हसली आणि मुलीला फोन लावला. "लागले गं मी!" एवढंच तीनदा सांगितलं.

"सोमवारी तीनला," कात्रीबाई दारातून म्हणाल्या.

सोमवारी तीनला त्यांचं दार उघडं होतं. बाई आली तीन वाजून सात मिनिटांनी, धापा टाकत. कात्रीबाईंनी टेबलावर नवी आखीव वही ठेवली होती. तिच्यात पहिलीच नोंद केली, तीही लाल पेननं.

"कशानं उशीर?"

"बस उशिरा आली, मॅडम."

"ड्रायव्हर कोण होता?"

बाईनं मान खाली घातली. "आमचेच."

"लिहिलंत?"

"उतरतानाच लिहिलं, मॅडम. बघत होते ते आरशातून."