वायफायचा दुसरा डबा

क्रिस्टीना पुण्याच्या कंपनीचं काम श्रीरामपूरच्या घरातून करायची. रोज कॉल तुटायचे. आता ऑफिसातच येऊन बसा, असं साहेबांनी बजावलं होतं. पण अंथरुणावरच्या आईला सोडून जायचं कसं?

वायफायचा डबा पुढच्या खोलीत होता. भाऊ यशयाने त्याचं नेट पुढे पोचवणारा दुसरा डबा आणून, ती काम करायची त्या मागच्या खोलीत लावला. तरी कॉल तुटलाच.

"हितं नेट येत न्हाई, म्हणून तर हितंच लावला, ताई."

"शहाण्या, त्यालाच हितं नेट मिळत न्हाई, तर तो मला काय देणार?"

तिने डबा काढून मधल्या खोलीत, आईच्या उशाशी लावला. कॉल टिकला.

"ह्या डब्याचा दिवा डोळ्यावर येतो गं. बंद कर," आई म्हणाली.

"तो बंद केला, तर मला पुण्याला जावं लागंल, आई."

आईने भिंतीकडे कूस वळवली.