केकचा शेवटचा तुकडा

बेटावरच्या समाजघरात तुरिदने तिसऱ्यांदा खुर्च्या गोल मांडल्या आणि कॉफी आणायला पाठ वळवली, तेवढ्यात मंडळींनी त्या पुन्हा भिंतींना नेऊन लावल्या. तीन भिंतींना. चौथीच्या जागी ताडपत्री फडफडत होती.

चौथी ओडवारने पाडली होती. हिवाळ्यात नको तितकी दारू ढोसून त्याने ट्रॅक्टर थेट समाजघरात घातला, तो पियानो चिरडूनच थांबला. त्या पियानोवर म्हाताऱ्या बोर्गहिल्डने आयुष्यभर बोटं चालवली होती. आता पोलिसांचं म्हणणं असं, की गाव समोरासमोर बसून मिटवायला तयार असेल तर ठीक. नसेल तर कोर्ट आणि तुरुंग. तुरुंगात गेला तर ओडवारच्या मेंढ्या विकल्या जातील आणि तो काही बेटावर परतायचा नाही, हे सगळे जाणून होते. गावाचा होकार आजच कळवायचा होता.

तुरिद मध्यस्थ. भांडणं बोलून मिटतात, हे ती वर्षानुवर्षं घरोघर सांगत फिरली. लोक ऐकून घेत, हवेबद्दल दोन शब्द बोलत आणि दार लावून घेत. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर या बेटावरचा माणूस आधी पायरीवर बूट काढतो, मग दार वाजवून विचारतो, 'ऐन जेवणाच्या वेळी तर आलो नाही ना?'

"स्वेर्रे, समाजघराचा अध्यक्ष तू. तूच सुरुवात कर," तुरिद म्हणाली.

स्वेर्रेने छताकडे पाहिलं. "वारा फिरलाय."

"मी भिंतीबद्दल विचारतेय."

"तिथूनच तर लागतोय."

दाराशी बसलेल्या ओडवारने गुडघ्यावरची टोपी चुरगाळली. "भिंत मी बांधून देतो," तो पुटपुटला. "पियानोचं मात्र मला जमायचं नाही."

जो तो ताडपत्री न्याहाळू लागला. बोर्गहिल्ड खिडकीबाहेर समुद्र बघत राहिली.

"अरे, निदान शिव्या तरी घाला याला," तुरिद वैतागून म्हणाली.

"परक्या माणसासमोर?" स्वेर्रे म्हणाला.

तुरिदला इथे नांदायला येऊन वीस वर्षं झाली होती.

तिने चरफडत कॉफी ओतली. बोर्गहिल्डने आणलेला केक फिरला आणि ताटात एक तुकडा उरला. शेवटचा तुकडा उचलणारा हावरट या बेटावर अजून जन्मायचा होता. फार तर अर्धा कापून घ्यायचा. पुढच्याने उरलेल्यातला अर्धा. नाताळातला एक तुकडा असा ईस्टरपर्यंत पुरल्याचं सांगतात.

बोर्गहिल्ड उठली. ताट घेऊन दारापर्यंत गेली आणि तिने ते ओडवारपुढे धरलं. सगळ्यांचे कप ओठांशी थबकले.

"घे."

ओडवारने हात पँटला पुसले, सुरी उचलली आणि रिवाजाप्रमाणे तुकडा मधोमध कापला.

"ओडवार," बोर्गहिल्ड म्हणाली, "भिंत काय अर्धीच पाडली होतीस?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग खा मुकाट्याने सगळा."

तो खाऊ लागला. बोर्गहिल्ड एक खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. स्वेर्रे खाकरला. त्यानेही खुर्ची पुढे सरकवली.

"फळ्या आहेत माझ्या गोठ्यात," तो म्हणाला.

तुरिदने काही सांगायला तोंड उघडलं.

"तू मध्ये बोलू नकोस, तुरिद," स्वेर्रे म्हणाला. "आमचं बोलणं चाललंय."