दोघांनी दुरुस्त केलेला पंखा

माझा नवरा आणि माझा भाऊ यांच्यातून विस्तव जात नाही. दोघंही पंख्यांच्याच धंद्यात आहेत, म्हणून तर. घरात छताला टांगतात ते पंखे नव्हेत. इमारतीच्या गच्चीवर पत्र्याच्या मोठ्या पेटीत बसवलेले, बाहेरची ताजी हवा ओढून खालच्या मजल्यांत ढकलणारे पंखे. दादा ते बसवतो. नवरा ते राखतो, म्हणजे पट्टे बदलतो, बेअरिंगला ग्रीस भरतो, जाळ्या धुतो. दादाच्या मते बसवणं हे कसब आणि राखणं म्हणजे फडकं मारणं. नवऱ्याच्या मते दादासारखी माणसं क्रेननं पेटी गच्चीवर टेकवतात, फोटो काढतात आणि पळतात, मागचं निस्तरायला तो आहेच. एकमेकांशी बोलत नाहीत, नाव घेणं तर लांबच. एकाच्या तोंडी "तुझा भाऊ", दुसऱ्याच्या तोंडी "तुझा नवरा". निरोप पोचवायला मी आहे.

मी काम करते धुलाईच्या कारखान्यात, तळघरात. वर धुतात, खाली आम्ही बायका वाफेच्या प्रेसवर चादरी काढतो. तळघराला खिडकी नाही. छताजवळ जाळ्या आहेत, त्यांतून जी काय हवा येते ती गच्चीवरच्या पंख्याची. माझी छाती लहानपणापासून कमकुवत आहे. दम लागला की शिट्टीसारखा आवाज येतो. लहानपणी त्या आवाजानं पहिला जागा व्हायचा तो दादा. मला उठवून बसवायचा आणि पाठ चोळत राहायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्याला माझी छाती माहीत नाही असं पुढे कुणी म्हणू नये.

नवरा याच कारखान्यात देखभालीला आहे. जुना पंखा त्यानं इतकी वर्षं चालवला आणि शेवटी तो मोडला, तेव्हा नवा बसवायचं काम नेमकं दादाच्या कंपनीला मिळालं. दादा आला, जुन्या पंख्याचा पट्टा बोटानं दाबून पाहिला आणि मालकासमोर म्हणाला की पट्टा असा फास लावल्यासारखा ताणला तर बेअरिंग जाणारच. नवरा तिथंच उभा होता. घरी आल्यावर तो जेवला नाही, आणि माझ्याशी असा वागला की जणू पट्टा मीच ताणला होता.

नवा पंखा चालू झाला त्या दिवशी दादा खाली आला, जाळीसमोर कागद धरला. कागद फडफडला. मुकादमानं मान डोलावली, दादानं सही घेतली आणि गेला. आणि त्याच दिवसापासून आमचे हाल सुरू झाले. हवा येत होती, नाही असं नाही. पण ती येऊन काही करत नव्हती. वाफ छताला धरून राहायची, चादरी घडी घालेपर्यंत पुन्हा दमट व्हायच्या, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या काकू दर थोड्या वेळानं भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. काकू या खात्यात सगळ्यांत जुन्या, आणि त्या टेकलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. माझी शिट्टी दुपारच्या आत सुरू व्हायला लागली.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या भावानं बसवलाय, त्याला विचार." दादाला फोन केला. तो म्हणाला की पंखा उत्तम आहे, जाळ्या कुणी धूत नसेल तर पंखा काय करणार, जाळ्या कुणाचं काम आहे ते घरीच विचार. मी घरी विचारलं. नवऱ्यानं जाळ्या कोऱ्या करकरीत असल्याचं सांगितलं आणि वर दादाच्या सात पिढ्या काढल्या. त्या पिढ्या माझ्याही आहेत हे त्याच्या लक्षात आलं नाही.

असे बरेच दिवस गेले. मग साप्ताहिक सुट्टी आली. सुट्टी संपून कामावर गेलो तर तीच वाफ, तोच कोंडमारा. फरक एवढाच की आता दोघंही फार खुशीत होते. घरी नवरा म्हणाला, "आता बघ, हवा कशी येते." दादाचा न विचारता फोन आला, आता बरं वाटत असेल ना म्हणून. मी दोघांनाही सांगितलं की काडीचाही फरक नाही. नवरा म्हणाला, तुझ्या मनानं घेतलंय. दादा म्हणाला, छोटे, तुझी छाती लहानपणापासूनच नाजूक, त्याला पंखा काय करणार. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि ते माझं डोकं ठिकाणावर नाही यावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पंख्यांच्या घरात माझा जन्म गेलाय. दोन माणसांची बडबड ऐकून ऐकून मला काही गोष्टी न शिकता येतात. मोटारीला तीन वायरी जातात. त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की मोटार उलटी फिरते. आणि या जातीचा पंखा उलटा फिरला तरी हवा ढकलतो पुढेच, फक्त फार कमी. त्यामुळे कागद फडफडतो, माणूस सही घेऊन जातो आणि खाली बायका गुदमरतात. सुलट कुठलं ते कळायला पेटीवर बाण रंगवलेला असतो.

जेवणाच्या सुट्टीत मी मुकादमाला घेऊन गच्चीवर गेले. जिने चढताना दोनदा बसले. त्याला पंखा बंद करायला लावला आणि पट्ट्याच्या जाळीतून बघत राहिले. वेगात काही दिसत नाही, पण चाक मंदावत आलं की पाती वेगळी दिसायला लागतात. बाण डावीकडे होता. चाक उजवीकडे फिरत फिरत थांबलं. मुकादमानं पुन्हा चालू करून पुन्हा बंद केलं, स्वतः वाकून पाहिलं, आणि दोघांनाही गच्चीवर बोलावून घेतलं.

नवरा खालच्या मजल्यावरून आला. दादा जवळच दुसऱ्या कामावर होता, तोही आला. दोघं पेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले. मुकादमानं सांगितलं की पंखा उलटा फिरतोय.

"शक्यच नाही," दोघं एकदम म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवऱ्याला पंखा उलटा असल्याचं पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पहिल्याच दिवशी. तो मूग गिळून बसला, कारण त्याला मालकाकडून दादाची खरडपट्टी निघालेली बघायची होती. ती काही निघेना, आणि रात्री माझी शिट्टी त्याला झोपू देईना, तेव्हा सुट्टीच्या सकाळी तो गुपचूप गच्चीवर आला आणि मोटारीच्या डबीत दोन वायरी बदलून गेला. सुट्टीला कारखान्याची वीज पहारेकरी बंद ठेवतो. चालू करून बघायचं तर त्याला सांगावं लागलं असतं, आणि मग दादाची चूक यानं झाकली हे सगळ्यांना कळलं असतं. म्हणून त्यानं बघितलंच नाही.

दादालाही माझ्या पहिल्या फोनवरच अंदाज आला होता. जाळ्यांची गोष्ट त्यानं वेळ मारून न्यायला सांगितली. त्याच सुट्टीच्या संध्याकाळी तोही गुपचूप आला. मोटारीची डबी त्यानं उघडली नाही, जिन्याच्या खोलीतल्या विजेच्या पॅनेलमध्येच दोन वायरी बदलल्या, झाकण लावलं आणि गेला. वीज त्यालाही मागायची नव्हती. एकानं सुलटा केला, दुसऱ्यानं परत उलटा केला.

मुकादम इतका हसला की त्याला कठड्याला धरावं लागलं. मला हसू आलं नाही. मी त्या दोघांकडे बघत होते. आता यातला कुणीतरी एक पुढे होईल, दोन वायरी पुन्हा बदलेल, मिनिटाचं काम आहे. पण दोघंही हात मागे बांधून उभे राहिले.

नवरा मुकादमाला म्हणाला की त्यानं केलेलं बरोबर होतं, बिघडवलं नंतरच्यानं, तर नंतरच्यानं काढावं. दादा म्हणाला की बसवण्याची जबाबदारी त्याच्या कंपनीची आहे, त्याला न विचारता डबी उघडणाऱ्यानं आपली घाण आपण काढावी. नवरा म्हणाला, आता मी हात लावला आणि उद्या काही झालं तर नाव माझं. दादा म्हणाला, हेच मी म्हणतो. दोघंही बोलत होते मुकादमाशी, एकमेकांशी नाही. मुकादमानं वैतागून हात वर केले. बाहेरचा तिसरा माणूस बोलावतो म्हणाला, आज तर काही तो येणार नाही, उद्याचंही नक्की नाही. असं म्हणून तो खाली निघून गेला.

मी पायरीवर बसले होते. दोघांपैकी एकानंही विचारलं नाही की ही इथपर्यंत चढली कशी.

"चला खाली," मी म्हटलं.

दोघंही आले. जेवणाची सुट्टी अजून संपायची होती, बायका बाहेरच्या बाकावर डबे खात होत्या. मी काकूंना म्हटलं, मी बोलवेपर्यंत कुणी आत येऊ नका. दोघांना प्रेसच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि वाफेचा कॉक उघडला. माझ्या टेबलाच्या एका बाजूला नवऱ्याला उभं केलं, दुसऱ्या बाजूला दादाला. चादर अंथरली आणि प्रेस खाली घेतला.

"मी माझं काम करते," मी म्हटलं. "तुमच्यापैकी कुणीही एकानं वर जा आणि वायरी बदला. कोण चुकलं ते मी विचारणार नाही. जन्मात विचारणार नाही."

पहिली चादर झाली, दुसरी झाली. नवऱ्याच्या शर्टाची पाठ ओली झाली. दादानं कॉलर सैल केली आणि छताजवळच्या जाळीकडे बघितलं, मग पटकन नजर काढून घेतली. मी प्रेस उचलत होते, खाली घेत होते. वाफ तोंडावर येत होती. छातीत आधी जडपणा आला, मग ती शिट्टी.

दादानं ती ऐकली. त्याचा हात खिशातल्या टेस्टरवर गेला, एक पाय दाराकडे वळला. माझा जीव भांड्यात पडला, खरं सांगते. आणि तेवढ्यात त्यानं मान वळवून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरासुद्धा एक पाऊल निघालाच होता. दादा निघालेला बघून तो थांबला. हा थांबला म्हणून दादा थांबला.

"मी जातोच आहे," दादा मला म्हणाला. "त्यानं फक्त एवढं म्हणावं की आधी मला विचारायला हवं होतं."

"मी तर आत्ता जातो," नवरा म्हणाला. "मुळात उलटा कुणी बसवला ते त्यानं कबूल करावं."

मी दोघांच्या मधे होते. माझ्या श्वासाचा आवाज प्रेसच्या आवाजापेक्षा मोठा झाला होता आणि ते दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांना बघत होते. एकानं माझी पाठ चोळून मला वाढवलं होतं, दुसऱ्याच्या उशीला उशी लावून मी इतकी वर्षं झोपले होते. मला त्या दोघांचा त्या क्षणी असा तिरस्कार वाटला की माझ्या अंगात कुठून बळ आलं कळलं नाही. मी प्रेस वर घेतला. कॉक तसाच उघडा ठेवला. हात पुसले, दाराबाहेर आले, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

कडीचा आवाज त्यांना लगेच ऐकू गेला नसावा, कारण आतलं भांडण थोडा वेळ चालूच होतं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि गुडघ्यांवर हात टेकून हवा ओढायला लागले. काकू धावत आल्या. त्यांनी माझी पाठ चोळायला घेतली, एका बाईनं पाणी आणलं. वरून जिन्यातून थोडी गार झुळूक येत होती.

मग दारावर थाप पडली. आधी एकाची, मग दोघांचीही. नवऱ्यानं मला हाक मारली, दादानं छोटे म्हणून हाक मारली. कॉक कुठे आहे ते त्यांना वाफेत सापडत नव्हतं. मग दादाचा आवाज आला, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता. "तू तिकडून भिंत चाचपत ये, मी इकडून येतो." नवऱ्यानं हो म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना एकमेकांशी बोललेलं ऐकलं ते हे असं, दाराच्या पलीकडून.

कॉक सापडला असावा, फुसफुस थांबली. मग दोघंही दारापाशी आले. मी वर जातो, नवरा म्हणाला. मी जातो, दादा म्हणाला, दार उघड, आत्ता बदलतो, दोन मिनिटांत बदलतो. आता दोघांनाही वर जायची घाई झाली होती. कोण चुकलं याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

काकूंनी कडीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "उघडू का गं?"

माझा श्वास अजून पुरता माझ्या हाती आला नव्हता, शब्द निघेना. मी मान हलवून नाही म्हटलं.