सहा दिवसांचं सुरेख अक्षर

मी वही बोलतेय. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, एका कोपऱ्यात मुडपलेली. स्वभावानं मी घाबरट. दार आपटलं तरी माझी पानं थरथरतात. पण ज्यांचे उपकार आहेत त्यांच्याबद्दल बोलायचं तर घाबरून कसं चालेल?

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून मी आले ती मानसोपचाराच्या दवाखान्यात. तिथल्या मानसशास्त्रज्ञ मॅडम पट्टी घेऊन माझ्या पानांवर रकाने आखत बसल्या. वेळ, काय केलं, आणि मन कसं होतं, शून्य ते दहा. मला वाटलं, एवढंच? यानं कुणाला काय होणार?

मग एका सकाळी पेंटरकाका आले. दुकानांच्या पाट्या रंगवणारे. दोन महिने त्यांनी ब्रशला हात लावला नव्हता. पाठ दुखते म्हणून आधी डॉक्टरांकडे गेले होते. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं ठीक.

"आळशी झालोय, दुसरं काय," काका म्हणाले.

"आळशी माणसाला झोप तरी लागते," शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या. "तुम्हाला तीही लागत नाही."

मॅडमनी झोप, भूक, कामातलं मन, स्वतःला दोष देणं, एकेक करून सगळं विचारलं. किती दिवसांपासून, हेही विचारलं. मग काकूंना बाहेर बसायला सांगून हळूच म्हणाल्या, "जगू नये असं मनात येतं का?"

"छे, छे," काका हसले. पण त्यांची बोटं टेबलावर माझा कोपरा दुमडत होती. मला कळलं होतं. सांगणार कशी?

"याला नैराश्य म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ही वही रोज भरा."

आठवडाभर मी कपाटावर रद्दीखाली पडून होते. ठरलेल्या दिवशी काकांनी मला दवाखान्याच्या बाकावर उघडलं आणि सहा दिवस एका दमात लिहून काढले. 'सकाळी फिरलो. सात.' 'शेजाऱ्यांशी गप्पा. आठ.' एकही काना डुगडुगला नाही. दुकान आतून रिकामं असलं तरी पाटी झोकात हवी, हा त्यांचा धंदाच होता.

मॅडमनी पानं वाचली.

"अक्षर सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "सहाही दिवस सारखंच सुरेख. शाईसुद्धा तीच. आत्ता बाहेर बसून लिहिलंत?"

काका खाली बघत म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

आता पान फाटणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आज तुम्ही अर्धा तास सलग काहीतरी केलंत. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ना? मग तेच लिहू. तेव्हा मन किती होतं?"

"एक," काका म्हणाले.

"हे खरं. आता मागच्या भेटीतलाच प्रश्न परत विचारते. जगू नये असं मनात येतं का?"

"येतं," काका म्हणाले. "रोज. काही करायचं ठरवलेलं नाही. पण सकाळ होऊच नये असं वाटतं."

मी दचकले. मॅडम दचकल्या नाहीत. काकांना विचारूनच त्यांनी काकूंना आत बोलावलं, माझ्या शेवटच्या पानावर अडीअडचणीला लावायचे फोन नंबर लिहिले आणि त्याच दिवशी औषधांसाठी मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवून दिली. बाहेर पडताना काकूंनी मला पदराखाली धरलं होतं.

त्यानंतरची माझी पानं दिसायला वाईट आहेत. अक्षर वाकडं, खाडाखोड. 'दात घासले. एक.' 'खिडकीत उभा राहिलो. दोन.'

"दात घासल्याचंही लिहायचं?" काकूंनी डोकावून विचारलं. "मग लग्न झाल्यापासून मी किती वह्या भरायला हव्या होत्या."

त्याच्या खाली काकांनी लिहिलं, 'हसलो. तीन.'

औषधाचा गुण यायला काही आठवडे गेले. मध्ये एक आठवडा सगळी शून्यं आली. पण काकांनी ती जशीच्या तशी मॅडमसमोर ठेवली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची पानं ती. पुढे एके दिवशी 'ब्रश धुतले. चार.' आणि त्याच्या पुढच्या महिन्यात माझ्या पानावर पाटीच्या हिरव्या रंगाचा ठिपका पडला. तो मी अजून मिरवते.

आता मी भरले आहे. काकांच्या रंगांच्या डब्यांशेजारी फळीवर असते. पुन्हा झोप उडाली, ब्रश नकोसा झाला, तर कुणाला आणि कधी सांगायचं, ते शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे. अधूनमधून काका ते वाचतात. मला आखणाऱ्या हातांचे, मला सांभाळणाऱ्या हातांचे आणि खरं लिहिणाऱ्या हाताचे मी आभार मानते. तुमच्याही हाती माझी एखादी बहीण आली तर घाबरू नका. शून्य असेल तर शून्य लिहा. आम्हाला राग येत नाही.

एक राहिलंच. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवणाऱ्या काकांनी परवा बारीक ब्रशनं माझ्या पुठ्ठ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. ते काय, हे मात्र मी सांगणार नाही. दवाखान्यात आलेल्या माणसाचं नाव बाहेर सांगायचं नसतं, एवढं मॅडमकडून शिकलेय मी.