पाव इंच

धारवालीनं कात्रीचा स्क्रू सोडवला, दोन्ही पाती वेगळी केली आणि एकेक करून खिडकीच्या उजेडात धरली. वरच्या पात्याला अगदी टोकाजवळ एक खाच होती. टाचणीच्या डोक्याएवढी.

“इतकं निरखून काय बघतेस?” आई दारातून म्हणाली. “स्थळ आलंय का?”

“शिवणखान्यातल्या मास्तरांची आहे. एकतीस वर्षं जुनी.”

“मग जपून. तुझ्यापेक्षा मोठी आहे.”

प्रत्येक कात्रीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असे. गिऱ्हाइकानं आपली तक्रार स्वतःच लिहायची, हा धारवालीचा नियम. त्या सोमवारी टेबलावर चार चिठ्ठ्या होत्या.

सलूनवाला : केस ओढते.

फुलवाली : देठ कापत नाही, चिरडते.

वरच्या मजल्यावरच्या काकू : तूच बघ.

मास्तर : धार.

मास्तरांनी एकच शब्द लिहिला होता. खाचेबद्दल काहीच नाही. आपण ती पाहतो की नाही हे त्यांना पाहायचं असणार, असं धारवालीला वाटलं. एवढीशी खाच घालवायची तर अख्खी कड तेवढी मागे आणावी लागते. चाकावर धरलं तर पातं तापतं आणि बिघडतं, म्हणून तिनं ते ओल्या दगडावर हातानं घासलं. चाळीस मिनिटं. मग टोकापासून मुठीपर्यंत बोट फिरवून पाहिलं. कुठेही काही अडत नव्हतं.

आईनं तोवर टेबलाच्या कोपऱ्यावर एक पाकीट आणून ठेवलं होतं. आत नोकरीचं पत्र. यंत्रं बनवणारी मोठी कंपनी, बसायला खुर्ची, शनिवारपर्यंत उत्तर.

“चार वर्षं कॉलेजात घालवलीस,” आई म्हणाली, “आणि गल्ली तुला धारवाली म्हणते. मी नाही म्हणत नाही. शनिवारपर्यंत एक बांधलेलं गिऱ्हाईक दाखव. आज आलं, उद्या गेलं, असं नको. नाहीतर मुकाट्यानं सही कर.”

“मास्तरांकडे चौदा कात्र्या आहेत.”

“आधी एक तर परत दे.”

कात्री मंगळवारी परत गेली. शुक्रवारी मास्तरांचा निरोप आला.

शिवणखाना पहिल्या मजल्यावर होता. पाच यंत्रं, एक लांब टेबल, खिडकीतून येणारा सरळ उजेड. एका हॉटेलातल्या माणसांचे साठ शर्ट शिवायला आले होते. टेबलाशी मास्तरांची सून उभी होती. मास्तर भिंतीशी खुर्चीवर. त्यांना बसलेलं धारवालीनं याआधी पाहिलं नव्हतं.

“ये पोरी. काय धार लावलीस! कापडाला कळतसुद्धा नाही कधी कापलं गेलं ते.”

“मग घेऊ ना बाकीच्या?”

“घे की. पहिल्या तारखेला यायचं, चौदाही न्यायच्या, दोन दिवसांत परत. दर महिन्याला. ठरलं.”

इतक्या सहज ठरेल असं तिला वाटलं नव्हतं. वहीत तारीख टिपता टिपता तिनं विचारलं, “तुम्ही आज बसून?”

मास्तरांनी पायाजवळची टोपली पुढे सरकवली. टोपलीत शर्टांच्या बाह्या होत्या. बाही खांद्याला जोडायची तिथे कापडाच्या कडेला एक छोटा काप देतात. बाहीवरचा काप आणि खांद्यावरचा काप जुळले, की शिवणारा चुकत नाही. काप पाव इंचाचा. त्याहून खोल गेला की शिवणीच्या बाहेर भोक दिसतं. टोपलीतल्या अकराच्या अकरा बाह्यांवर काप खोल गेले होते.

“एकतीस वर्षांत पट्टी लावली नाही मी यासाठी,” मास्तर म्हणाले. “हातच सांगायचा. आता हात सांगेनासा झाला. वय झालं, दुसरं काय! कालपासून सूनबाईला उभं केलंय.”

“दाखवता?”

“तमाशा बघायचाय होय गं?” ते हसले, पण उठले. सुनेनं कात्री त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी एका चिंधीची कड दोन पात्यांमध्ये घेतली आणि कात्री हळूहळू पुढे सरकवली. हात जरा थबकला. पुन्हा सरकला. कशाची तरी वाट पाहिल्यासारखा. मग नाइलाजानं कात्री मिटली.

काप अर्ध्या इंचाचा होता.

धारवाली चिंधीकडे नाही, पात्याच्या टोकाकडे पाहत होती. टोकापासून पाव इंचावर, आधी खाच होती तिथे. कापडाची कड तिथे येऊन अडकत असणार. अडकली की हात थांबणार. इतकी वर्षं. आणि मास्तरांना वाटत होतं, की आपला हात सांगतो.

तिच्या मनात वाक्यं तयार झाली.

मास्तर, या वयात एवढं चालायचंच.

मास्तर, एकदा डोळे तपासून घ्या.

मास्तर, पहिल्या तारखेला येते.

तिसरं सगळ्यात सोपं होतं. ते खोटंही नव्हतं.

“मास्तर,” ती म्हणाली, “इथे एक खाच होती. मी घालवली.”

“कसली खाच?”

“बारीक. पाव इंचावर. मला वाटलं, पातं खराब झालंय. तुमचा हात तिथे थांबायचा. हाताला काही झालेलं नाही.”

यंत्रांवरच्या दोघी शिवायच्या थांबल्या. मास्तरांनी कात्री डोळ्यांजवळ नेली, अंगठा कडेवरून फिरवला, परत फिरवला.

“कानस आहे?”

तिच्या पिशवीत होती. तिनं पट्टीनं मोजून खूण केली आणि दोनदा घासून खाच पाडली. आपणच चाळीस मिनिटं लावलेली धार आपल्याच हातानं बिघडवताना तिचे ओठ घट्ट मिटले होते.

मास्तरांनी दुसरी चिंधी घेतली. कात्री सरकली, थांबली, मिटली. त्यांनी काप मोजला नाही. आणखी एक दिला, आणखी एक, झरझर, चिंधीच्या चारही कडांना. मग उगाचच खोकले आणि चष्मा पुसत बसले.

“माझ्याच कात्रीत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “बाकीच्या तेरांत काय काय आहे, देव जाणे. राहू देत त्या आहेत तशा.”

“मी आधी विचारून घेईन, मास्तर. जिची कात्री तिला.”

“त्यांना तरी कुठे ठाऊक असणार?”

त्यात राग नव्हता, म्हणून वाद घालायलाही जागा नव्हती. मास्तर टेबलाशी जाऊन उभे राहिले. सून बाजूला झाली.

धारवाली अर्धा जिना उतरली असेल, तोच मागून चपला वाजल्या.

“सांगितलंस ते बरं केलंस,” सून म्हणाली. दूध सांडलेल्या पोराला ‘असू दे’ म्हणावं तसं.

“त्यांना फार लागलं होतं मनाला, वहिनी.”

“हो ना. सहा वर्षं मी बटणं लावतेय. काल सकाळी पहिल्यांदा त्या टेबलाशी उभी राहिले. एकोणीस शर्ट कापले. एकही वाया नाही.”

“मला माहीत नव्हतं.”

“माहीत असतं तर?”

धारवालीनं कठड्यावरून हात फिरवला. वहिनीनं उत्तराची फार वाट पाहिली नाही. तिनं उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी कातडी लाल होऊन सुजली होती.

“त्यांची कात्री मला मोठी होते. माझ्या हाताची मिळेल?”

“तयार नाही मिळायची. मूठ बनवून घ्यावी लागेल.”

“घे बनवून.”

“पण टेबल तर...”

“टेबल घरी पण असतं गं. माझी बहीण, दोघी नणंदा, खालची घड्याळवाली, कपडे शिवून दे म्हणून कधीच्या मागे लागल्यात. ते माझं मी बघते. तू कात्रीचं बघ.”

“रोज कापणार असाल तर दर महिन्याला धार लागेल.”

“मग दर महिन्याला ये. वर नको, घरी ये. आणि येशील तेव्हा आधी मला विचार, काय घासायचं नि काय नाही.”

धारवालीनं वहीतलं कोरं पान फाडून पायरीवर ठेवलं. वहिनी खालच्या पायरीवर टेकली, पानावर पंजा उताणा ठेवला, मग हसून पालथा केला. धारवाली करंगळीपासून पेन्सिल फिरवू लागली.

“बोटं जरा फाकवा.”

“सूनबाई!” वरून मास्तरांचा आवाज आला. मघापेक्षा कितीतरी मोकळा. “अगं, बटणं राहिलीत!”

“आले हो, बाबा,” वहिनी म्हणाली. हात तिनं उचलला नाही.